चंबळेकाठच्या रिकाम्या खोल्या

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाची नातेवाइकांना दोन प्रसंगी आठवण होते. एक लग्नकार्यात खर्चाची वही सांभाळण्यासाठी आणि दुसरी कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी. जूनच्या मध्यास थोरल्या बहिणीचा फोन आला तेव्हा लग्नाचे मुहूर्त सरले होते, त्यामुळे विषय कोणता असणार हे मी आवाजावरूनच ओळखले.

"भाऊ, चातुर्मास बसण्याआधी तू एकदा कोट्याला जाऊन ये. मुलगा दुकानाचे कागद मागतो आहे. दुकान माझ्या नावावर, सही मला करायची. मला त्यातले काही कळत नाही. तू डोळ्यांनी पाहून सांगशील तसे करीन."

बहिणीचे कापडाचे दुकान आमच्याच जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आहे. तिच्या सासऱ्यांनी खांद्यावर गठ्ठे वाहून ते उभे केले. माझ्या भाच्याची सासुरवाडी राजस्थानातील कोटा. २०२२ साली त्याने आपल्या मेहुण्याबरोबर भागीदारीत तेथे विद्यार्थ्यांसाठी साठ खोल्यांचे हॉस्टेल बांधले. तेव्हा त्याने माझा सल्ला घेतला नव्हता आणि मीही आपणहून दिला नव्हता. दुसऱ्याच्या घरचा उत्साह पाहून गप्प बसणे ही आमच्याकडे सभ्यता समजली जाते. त्या सभ्यतेचा मला पुढे पश्चात्ताप झाला.

जूनच्या अखेरीस बोरिवलीहून संध्याकाळी स्वर्ण मंदिर मेल धरली. सोबत भाचा होता. रतलाम झोपेतच मागे पडले. उजाडले तेव्हा गाडी माळव्याच्या काळ्या रानातून धावत होती आणि पेरणीला आलेली शेते पहिल्या पावसाने ओली झाली होती. भवानी मंडी स्थानकाचे एक टोक मध्य प्रदेशात आणि दुसरे राजस्थानात, ही गंमत भाच्याने मला दाखविली. पुढे रामगंज मंडीला रुळांच्या दुतर्फा फरशीचे ढीगच्या ढीग रचलेले दिसले. आपल्याकडे जुन्या वाड्यांत आणि शाळांच्या व्हरांड्यांत जी निळसर-हिरवी कोटा फरशी असते, तिचे हे माहेर. त्यानंतर दऱ्याचे जंगल आणि मुकुंदऱ्याचे डोंगर ओलांडून गाडी हाडौतीच्या सपाटीवर उतरते.

स्थानकाबाहेर पाऊल टाकताच रिक्षावाल्यांनी आम्हांला घेरले. "हॉस्टेल चाहिए, बाबूजी? एसी रूम, घर जैसा खाना, पहला महीना फ्री!" माझे पांढरे केस पाहूनही त्यांनी मला कोणाचा तरी आजोबा समजून खोली देऊ केली. पहिला महिना फुकट, हे शब्द मी मनात टिपून ठेवले. मालाला उठाव असताना कोणताही व्यापारी ते उच्चारत नाही.

कोटा हे मुळात क्लासचे गाव नव्हे, हे आजच्या पालकांना सांगूनही खरे वाटणार नाही. १९६० च्या सुमारास चंबळेवर कोटा बराज उभा राहिला. पाणी आणि वीज हाताशी आल्याने येथे कारखाने आले. जे. के. सिंथेटिक्सचा नायलॉनचा कारखाना आणि सरकारी क्षेत्रातील इन्स्ट्रुमेंटेशन लिमिटेड यांच्या भोंग्यांवर गावाचे घड्याळ चाले. त्याच जे. के. सिंथेटिक्समध्ये विनोदकुमार बन्सल नावाचे एक अभियंता होते. स्नायू क्षीण करणाऱ्या असाध्य आजाराने त्यांना ग्रासले, तेव्हा नोकरी सांभाळून घरच्या मेजाभोवती दोन-चार मुलांना गणित शिकवण्यास त्यांनी आरंभ केला. मुले आयआयटीत जाऊ लागली आणि १९९१ मध्ये त्यांनी रीतसर वर्ग काढला. १९९७ मध्ये जे. के. सिंथेटिक्सचा कारखाना बंद पडून हजारो कामगार रस्त्यावर आले. इन्स्ट्रुमेंटेशन लिमिटेडही पुढे बंद झाली. ज्या गावाची चूल विझली होती, त्याला शिकवण्यांनी पुन्हा सावरले. बन्सल २०२१ मध्ये निवर्तले. त्यांच्या मेजाभोवतीच्या त्या चार खुर्च्यांतून एक अख्खे शहर उभे राहिले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

तोवर व्यवहार निर्मळ होता. शिक्षकापाशी विद्या होती, मुलांना ती हवी होती आणि ज्यांचे कारखाने बंद झाले त्यांनी घरातली एक खोली भाड्याने दिली. महावीर नगर, तलवंडी, विज्ञान नगर या वस्त्यांतील कितीतरी घरे अशा भाड्यावर तरली. ज्या घरात खोली होती, तेथे मागणी आली. पुढे क्रम उलटला. मागणी येईल या भरवशावर खोल्या बांधल्या जाऊ लागल्या.

भाच्याचे हॉस्टेल बारां रस्त्यावरील कोरल पार्क भागात आहे. रिक्षा त्या वस्तीत शिरली आणि मी अवाक् झालो. काचेच्या दर्शनी भिंतींच्या, पाच-सहा मजली, एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या इमारतींच्या रांगाच रांगा. या एकाच भागात तीनशेहून अधिक हॉस्टेल असल्याचे मेहुण्याने सांगितले. संपूर्ण शहरात साडेचार हजारांच्या आसपास, असे वर्तमानपत्रांतून वाचले होतेच. नदीपलीकडे कुन्हाडी भागातील लँडमार्क सिटीतही असेच दुसरे नगर उभे आहे. जवळजवळ प्रत्येक फाटकावर खोल्या भाड्याने देण्याची पाटी होती, काही ठिकाणी संपूर्ण इमारत विकण्याची. चौकाचौकांत परीक्षेत अव्वल आलेल्या मुलांचे हसरे चेहरे पुरुषभर उंचीच्या फलकांवर झळकत होते आणि त्यांच्या खाली चहाच्या टपरीवर पोऱ्या रिकामे ग्लास विसळत बसला होता.

मेहुणा सज्जन गृहस्थ. त्याने आदराने बसवले, कोटा कचोरी मागवली आणि मग हिशेब पुढे ठेवला. तो हिशेब वाचकांपुढे मांडण्यास भाच्याने मला आनंदाने नव्हे, पण मोकळ्या मनाने परवानगी दिली आहे. दुसऱ्या कोणाचे दुकान वाचले तर वाचो, एवढेच तो म्हणाला.

जागा आणि बांधकाम मिळून खर्च ४ कोटी २० लाख. त्यांपैकी बँकेचे कर्ज २ कोटी ६० लाख, मुदत बारा वर्षे, व्याज पावणेदहा टक्के. उरलेले १ कोटी ६० लाख घरचे. त्यांत मेहुण्याचे ५० लाख आणि बहिणीच्या दुकानातून व ठेवींतून काढलेले १ कोटी १० लाख. महिन्याचा हप्ता ३ लाख ७ हजार. प्रकल्प अहवालात शंभरांतील ९५ खोल्या भरतील असे धरले होते. ५७ मुले, जेवणासह दरमहा १४ हजार, म्हणजे सुमारे ८ लाखांची आवक. मेसचा खर्च प्रत्येकी साडेचार हजार. वॉर्डन, पहारेकरी, सफाई, वीज यांचे १ लाख ३० हजार. सारे वजा जाता चार लाखांवर उरतात, त्यांतून हप्ता दिला की महिन्याला लाखभर रुपये शिल्लक. अहवाल नीटनेटका होता. मी नोकरीत असतो तर मीही तो पुढे पाठवला असता, हे येथे कबूल केले पाहिजे. त्यात वर्ष बारा महिन्यांचे धरले होते आणि मे महिन्यात नीट परीक्षा झाली की मुले गाठोडे बांधून घरी जातात, ही साधी गोष्ट त्यात नव्हती. परंतु ती चूक लहान होती.

२०२३ च्या उन्हाळ्यात हॉस्टेल उघडले, तेव्हा पहिल्याच महिन्यात साठही खोल्या भरल्या. मेहुण्याने पेढे वाटले. त्या दिवसांत कोट्यात दोन लाखांहून अधिक विद्यार्थी असल्याचे सांगितले जाई. त्यानंतरच्या दोन वर्षांत ती संख्या लाख-सव्वा लाखाच्या घरात उतरल्याच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या. मी गेलो त्या दिवशी साठांपैकी २६ खोल्यांत मुले होती आणि भाडे ९ हजारांवर आले होते. आवक २ लाख ३४ हजार. मेसचे १ लाख १७ हजार आणि काटकसर करून इतर खर्च १ लाख १० हजार. उरले ७ हजार रुपये. हप्ता ३ लाख ७ हजार. म्हणजे तालुक्याच्या गावी साड्या विकून मिळालेले ३ लाख रुपये दरमहा चंबळेत सोडले जात होते.

भाच्याचा प्रस्ताव असा होता की दुकान गहाण ठेवून आणखी ६० लाख काढावेत, प्रत्येक खोलीत एसी बसवावा, तळमजल्यावर व्यायामशाळा आणि अभ्यासिका करावी, जैन मेस वेगळी चालवावी. "मामासा, शेजारची सगळी हॉस्टेल जुनी दिसतील. मुले आपल्याकडे येतील. खोल्या भरल्या की प्रश्न मिटला."

मी कागद मागून घेतला आणि त्याच्यासमोर एकच आकडेमोड केली. साठच्या साठ खोल्या भरल्या असे धरू. आजचे भाडे ९ हजार. आवक ५ लाख ४० हजार. मेस २ लाख ७० हजार, इतर खर्च १ लाख ३० हजार. उरतात १ लाख ४० हजार. हप्ता मात्र ३ लाख ७ हजार. हॉस्टेल पूर्ण भरूनही महिन्याला १ लाख ६७ हजारांचा खड्डा राहतो. शिवाय नव्या ६० लाखांचा हप्ता त्याच अटींवर सुमारे ७१ हजार.

भाचा बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिला. दोन वर्षे तो खोल्या मोजत होता. भाडे कशाने ठरते हे त्याने मोजले नव्हते. त्याच्या खोलीचे भाडे त्याच्या एसीने ठरत नाही, शेजारच्या रिकाम्या खोलीने ठरते. शेजाऱ्याच्या दारीही कर्ज आहे. मेसचा खर्च भागून वर हजार रुपये सुटत असतील तरी तो खोली देणार, कारण रिकामी खोली त्याला तेवढेही देत नाही. कापडाच्या व्यापाऱ्याला हे चटकन उमगत नाही, कारण त्याची न विकलेली साडी उद्याही कपाटात असते. सेलमध्ये, पुढच्या लग्नसराईत ती निघते. खोलीची आजची रात्र उद्या विकता येत नाही. सेवेच्या धंद्यात साठा करता येत नाही, म्हणून मंदीत भाव कोठे थांबतील याला तळ नसतो.

मग मुले गेली कोठे? परीक्षा देणारे घटले म्हणावे, तर तसे मुळीच नाही. २०२४ मध्ये नीटसाठी सुमारे २४ लाख विद्यार्थ्यांनी नाव नोंदवले होते आणि आयआयटीच्या सतरा-अठरा हजार जागांसाठीची ओढही तशीच आहे. परंतु कोट्याच्या मोठ्या क्लासांनी स्वतःच गावोगावी शाखा काढल्या. ज्या क्लासच्या भरवशावर भाच्याने हॉस्टेल बांधले, तोच क्लास आता मुलाच्या घरापासून दोन तासांवर आहे. आपल्याकडे लातूर, नांदेड, पुणे येथे मुलांची सोय होऊ लागली. मोबाईलवर अल्प शुल्कात शिकवणाऱ्या कंपन्या आल्या आणि २०२२ मध्ये त्यांनी खुद्द कोट्यातही वर्ग उघडले. जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने सोळा वर्षांखालील मुलांना क्लासमध्ये प्रवेश देऊ नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे काढली. आणि सर्वांत वर म्हणजे २०२३ या एका वर्षात येथे विसाहून अधिक विद्यार्थ्यांनी जीव दिला. त्यानंतर कोणत्या आईचा धीर होईल?

२०२२ आणि २०२३ मध्ये आलेली लाट ही कोविडमुळे तुंबलेली मागणी होती. दोन वर्षे घरी अडकलेली मुले एकदम आली. ते पुराचे पाणी होते आणि आमच्या लोकांनी त्या पातळीला नदीचे पात्र समजून घाट बांधले.

त्या रात्री मी हॉस्टेलमध्येच, तिसऱ्या मजल्यावरील एका रिकाम्या खोलीत राहिलो. पलंग, मेज, कपाट, भिंतीवर मागच्या मुलाने चिकटवलेले रसायनशास्त्राचे सूत्र. छताच्या पंख्याला स्प्रिंग बसवलेली होती. जादा वजन पडले की पंखा खाली यावा म्हणून २०२३ मध्ये जिल्हा प्रशासनाने तसा आदेश काढला होता. खोली भाड्याने देण्याच्या धंद्यात अशी वस्तू खरेदी यादीत असावी लागते, हे मला कर्मचारी प्रशिक्षण वर्गात कोणी शिकवले नव्हते. त्या पंख्याखाली मला झोप आली नाही.

झोप न येण्याचे आणखी एक कारण होते. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी असताना एका सद्गृहस्थाला मंगल कार्यालयासाठी कर्ज मंजूर केले होते. कागदपत्रे चोख, तारण पुरेसे, माणूस सचोटीचा. त्याच रस्त्यावर दोन मंगल कार्यालये आधीच होती आणि चौथ्याचा प्रस्ताव दुसऱ्या एका बँकेत होता, हे मला ठाऊक होते. मी चौकशी केली तेव्हा दोन्ही कार्यालये मोठ्या तिथींना वर्षभर आधी नोंदलेली आढळली. त्यावरून गावात कार्यालयांची टंचाई आहे असा निष्कर्ष मी अहवालात लिहिला. मुहूर्त वर्षात मोजके आणि त्या दिवशी सारीच कार्यालये भरलेली असतात. उरलेले तीनशे दिवस ती कुलूपबंद असतात, हे मला दिसत होते पण मी ते मांडले नाही. गावात वर्षाला किती लग्ने होतात, एवढी एक संख्या मी मोजली नाही. त्या वर्षी शाखेचे कर्जवाटपाचे उद्दिष्ट पूर्ण झाले आणि मला प्रशस्तिपत्र मिळाले. त्या गृहस्थाने पाच वर्षांत शेत विकून बँकेचे पैसे फेडले. बँकेचा एक रुपया बुडाला नाही, म्हणून माझी चूक कोठे नोंदलीही गेली नाही.

आम्ही बँकवाले प्रत्येक प्रस्ताव एकेकटा तपासतो. शंभर प्रस्ताव वेगवेगळे पाहिले तर शंभरही तरणारे दिसतात, कारण प्रत्येकाने इतर ९९ जण नाहीतच असे धरून हिशेब केलेला असतो. कोट्यातील अहवालांतही असेच झाले असावे. कोणी फसवले नाही, कोणी लबाडी केली नाही. सर्वांनी एकच आकडा आपापल्या वहीत लिहिला.

सकाळी खाली आलो तेव्हा कचेरीत विदर्भातला एक मुलगा बॅग घेऊन उभा होता. वय सतराच्या आसपास. मी मराठी बोलतो हे कळताच त्याचा चेहरा उजळला. "काका, मी घरी चाललो. नीट यंदाही नाही झाली. बाबांना सांगितलंय, बी.एस्सी. करीन." त्याची अनामत रक्कम भाच्याकडे होती. करारानुसार एक महिना आधी सूचना दिली नाही, तर ती परत द्यायची नव्हती. व्यवस्थापकाने तो कागद काढून ठेवला होता. सव्विसांतली एक खोली आणखी रिकामी होणार होती.

भाच्याने कागद वाचला, मुलाकडे पाहिले आणि गल्ल्यातून पूर्ण रक्कम मोजून त्याच्या हातात ठेवली. "गाडीत जेवण घे," एवढेच म्हणाला. मुलगा रिक्षात बसल्यावर तो माझ्याकडे वळला. "मामासा, गेले वर्षभर एखादा मुलगा घरी जायचं म्हणाला की माझ्या पोटात गोळा येतो. आधी वाटतं, एक बेड गेला. मग लाज वाटते. त्याच्या आईला केवढा आनंद झाला असेल." एवढे बोलून तो आत गेला. मला वाटते, निर्णय त्या क्षणी झाला होता. आकड्यांनी नंतर फक्त साथ दिली.

संध्याकाळी आम्ही दोघे चंबळेच्या रिव्हर फ्रंटवर गेलो. २०२३ च्या सप्टेंबरात खुला झालेला हा विस्तीर्ण घाट. दगडी कमानी, कारंजी, रोषणाई. क्लासच्या गावाला पर्यटनाचा आधार मिळावा, अशी त्यामागे आशा असावी. परतताना तलवंडीच्या राधाकृष्ण मंदिरात डोकावलो. तेथील भिंतीवर मुले आपली मागणी लिहून जातात, कोणाला आयआयटी हवी, कोणाला वैद्यकीय प्रवेश. चार मुले भिंतीशी पेन घेऊन उभी होती. भाचा हलकेच म्हणाला, "आमचा प्रकल्प अहवालही याच भिंतीवर लिहायला हवा होता."

मग घाटाच्या पायरीवर बसून त्याने एक गोष्ट सांगितली, जी त्याने आईलाही सांगितली नव्हती. एका स्थानिक ठेकेदाराने इमारतीला २ कोटी ७५ लाखांचा भाव दिला होता. नर्सिंगच्या विद्यार्थिनींसाठी त्याला ती हवी होती. बँकेचे देणे तेव्हा सुमारे २ कोटी ३५ लाख. म्हणजे हाती ४० लाख येणार आणि घरचे १ कोटी २० लाख गेले असे समजायचे. "सव्वा कोट पाण्यात घालू? थोडा दम धरला तर भाव येईल."

मी म्हणालो, "बाळ, ते पैसे आज जाणार नाहीत, ते गेलेले आहेत. तू ते वहीत अजून मालमत्ता म्हणून दाखवतो आहेस, एवढेच. आज प्रश्न तुझ्या आईच्या दुकानाचा आहे. ६० लाख काढलेस, तर दरमहा तीन लाखांच्या तुटीला ते वीस महिने पुरतील. एकविसाव्या महिन्यात हॉस्टेलही जाईल आणि दुकानही. वीस महिन्यांत या गावातल्या साडेचार हजारांपैकी निम्मी हॉस्टेल पाडली जाणार असतील, तर जरूर थांब. तशी खात्री आहे का?"

तो उत्तरला नाही. पाण्यावर रोषणाई हलत होती. बऱ्याच वेळाने त्याने विचारले, "आईला काय सांगू?"

"खरे सांग. ती तुझ्या आजोबांच्या गादीवर बसलेली आहे. तोटा तिला नवा नाही. अंधारात ठेवणे नवे वाटेल."

परतल्यावर बहिणीसमोर सारे आकडे मांडले गेले. तिने शांतपणे ऐकले. कोणाला दोष दिला नाही, मेहुण्याचे नावही काढले नाही. फक्त एक प्रश्न विचारला: "दुकान राहील ना?" राहील म्हटल्यावर ती उठली आणि टेबलावरचे दुकानाचे कागद घेऊन पुन्हा पेटीत ठेवून आली. दिवाळीपूर्वी इमारतीची विक्री पार पडली. आलेल्या ४० लाखांची दोघा भागीदारांनी भांडवलाच्या प्रमाणात वाटणी करून घेतली आणि नाते शाबूत राहिले. वहीपूजनाच्या दिवशी भाच्याने तोट्याची रक्कम स्वतःच्या हाताने नव्या वहीत लिहिली आणि खाली सही केली.

सुज्ञ वाचकहो, हे कोट्याचे उणे दाखवण्यासाठी लिहिलेले नाही. ते गाव कष्टाळू आहे, कारखाने गेल्यावर एकदा उठले होते, पुन्हाही उठेल. पण आपल्याही भोवती पाहा. काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रात डी.एड. महाविद्यालयांची अशीच रीघ लागली होती. शिक्षक भरती थंडावली आणि वर्ग ओस पडले. आज कोणी मंगल कार्यालयाकडे वळतो आहे, कोणी अभ्यासिकेकडे, कोणी कॅफेकडे, कोणी कोकणातल्या होमस्टेकडे. नव्या पिढीला गादीवर बसण्यापेक्षा सेवेचा धंदा स्वच्छ आणि सोपा वाटतो. माल ठेवावा लागत नाही, उधारी नाही, खोली बांधली की भाडे सुरू. उधारी नाही हे खरे; पण मालाप्रमाणे तो धंदा गावोगावी हलवता येत नाही, हेही तितकेच खरे.

म्हणून घरातल्या तरुणाने असा बेत मांडला, तर त्याला चार प्रश्न अवश्य विचारा. या गावात एकूण ग्राहक किती आणि आज बांधकाम चालू असलेल्यांसह एकूण जागा किती? धंदा स्वतःच्या पायावर उभा आहे, की दुसऱ्याच्या धंद्याच्या सावलीत, आणि ती सावली हलली तर काय? भाव तिसऱ्या हिश्शाने उतरला, तर पूर्ण भरलेल्या स्थितीत तरी हप्ता निघेल का? आणि अखेरचा, सर्वांत महत्त्वाचा: यासाठी चालते दुकान गहाण पडते आहे का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आले, तर पहिल्या तिहींची उत्तरे कितीही गोड असोत, सहीला एक महिना लावा आणि त्या महिन्यात स्वतः जाऊन गल्लीतल्या पाट्या मोजून या.

मी नोकरीत असताना त्या रस्त्यावरून रोज जात होतो, आणि गावातली लग्ने मोजली नाहीत. भाच्याच्या निमित्ताने निदान कोट्याच्या खोल्या मोजल्या गेल्या.